मोशीच्या पुढेही रस्ता आहे!

नाशिक फाटा ते चाकण. हा रस्ता म्हणजे आपल्यातल्या अनेकांचा रोजचा ताप! मोशीचं ट्रॅफिक, कंटेनरच्या रांगा, कंपन्यांच्या बसेस... पण हाच हायवे न सोडता नारायणगाव गाठलं आणि जुन्नरकडे वळलं, की थेट सह्याद्रीचा कडा. सप्टेंबरमधल्या एका रविवारी आम्ही चौघं निघालो. आई, पप्पा, धाकटा भाऊ आणि मी.

पप्पा फिटर. निम्मी नोकरी पिंपरीत, निम्मी चाकणला. गेल्या वर्षी अँजिओप्लास्टी झाली, रिटायरमेंटही झाली आणि गाडीची किल्ली न बोलता माझ्याकडे आली. आता ते शेजारी बसतात आणि नसलेला ब्रेक दाबत राहतात!

पहिला स्टॉप चाकणचा संग्रामदुर्ग. 1660 मध्ये फिरंगोजी नरसाळ्यांनी शाहिस्तेखानाच्या फौजेला जवळजवळ दोन महिने झुंजवलं, तो हा किल्ला. पप्पा इतकी वर्षं याच गावात कामाला. किल्ला पहिल्यांदाच बघत होते. ‘बस गेटवर सोडायची, गेटवरूनच उचलायची,’ एवढंच म्हणाले.

नारायणगावला मसाला दूध मस्ट! मग थोडी वाट वाकडी करून खोडदच्या बाजूला. इथल्या रेडिओ दुर्बिणीच्या 30 अँटेना, प्रत्येकीचा व्यास 45 मीटर. आम्ही फोटोत दंग. पप्पा मात्र मान वर करून बघतच राहिले. ‘पत्रा नाही, जाळी आहे. वारा आरपार जातो, म्हणून एवढं धूड टिकतं.’ कितीतरी महिन्यांनी त्यांचा तो शॉपफ्लोअरवाला आवाज ऐकला.

जुन्नरला शिवनेरीला खालूनच नमस्कार केला. एवढ्या पायऱ्या चढायला त्यांना मनाई आहे. तिथून घाटघरमार्गे नाणेघाट. दुतर्फा सोनकीची पिवळीधमक फुलं, समोर जीवधन किल्ला आणि मध्येच सगळं गिळून टाकणारं धुकं... सह्ही!

सातवाहनांच्या काळात कोकणातल्या बंदरांवरचा माल याच घाटातून जुन्नरकडे चढायचा. वर दगडी रांजण आहे, जकातीची नाणी त्यात टाकायचे म्हणतात. ‘म्हणजे टोल तेव्हापासूनच!’ इति भाऊ.

घळीतून थोडं उतरलं की गुहा लागते. राणी नागनिकेच्या नावाने ओळखला जाणारा ब्राह्मी शिलालेख इथलाच. यज्ञात दान दिलेल्या गाई, घोडे, हत्ती आणि नाण्यांचा आकड्यांसकट हिशेब! मागच्या भिंतीवर राजघराण्याच्या मूर्ती होत्या. त्या गेल्या, वर कोरलेली नावं आणि खाली पावलांच्या काही खुणा उरल्या.

पप्पा बराच वेळ तिथे उभे होते. ‘माझं पंचिंग कार्ड शेवटच्या दिवशी जमा करून घेतलं,’ अचानक म्हणाले. काय बोलावं, सुचेना. आईच म्हणाली, ‘अहो, चला, चहा पिऊ.’

वर चढताना त्यांनी माझा हात धरला. स्वतःहून.

येताना मोशीला नेहमीचा जॅम. मी वैतागून बाजूला पाहिलं. पप्पा गाढ झोपले होते, ब्रेक न दाबता!

जाताना लक्षात ठेवा: जुन्नरहून नाणेघाट साधारण 30 किलोमीटर. पेट्रोल जुन्नरलाच भरा. दगड निसरडे असतात, ग्रिपवाले शूज घाला. आणि आई-पप्पांना न्याच!