पेज उतरते ती वाट

आमच्या धारगळात माणूस आजारी पडला की पहिला प्रश्न, "पेज तरी उतरते का?" पेज उतरली म्हणजे माणूस सावरला, असा आमचा हिशेब. ती ज्या अन्ननलिकेतून उतरते तिचा विचार कोणी करत नाही.

ही अन्ननलिका क्वचित आतून मरते. 'ब्लॅक इसोफॅगस' हे त्या आजाराचे नाव. दुर्बिणीतून पाहून त्याचे पहिले वर्णन १९९० साली झाले. रक्तदाब कोसळला, मधुमेह हाताबाहेर गेला किंवा दारूचा अतिरेक झाला की नलिकेचा रक्तपुरवठा आटतो. त्यात जठरातले आम्ल वर चढते आणि अस्तर काळे पडते. खालच्या भागाला रक्त मुळातच कमी, म्हणून घाव बहुधा तिथेच. जठर सुरू होते तिथे मात्र काळेपणा एकदम थांबतो.

बाहेर खूण दिसते ती उलटीत रक्त किंवा शौचाला डांबरासारखे काळे होणे. लोहाच्या गोळ्यांनीही काळे होते, पण ते डॉक्टरांना ठरवू द्या. आपण 'उष्णता' म्हणतो आणि मायेने पेज पुढे करतो. इथे उपचार उलटा. तोंडाने काही नाही. सलाईन, आम्ल कमी करणारे औषध आणि मूळ आजारावर इलाज.

नोंदलेल्या रुग्णांपैकी सुमारे एक तृतीयांश दगावले, बहुतेक मूळ दुखण्यानेच. वाचलेल्यांचे अस्तर पुन्हा भरून येते, काहींची नलिका पुढे अरुंद होते. तेव्हा शेजाऱ्यांचा सल्ला घेत बसू नका. १०८ ला फोन करा, बांबोळी गाठा.