तालिकोटबद्दल माझे आजचे मत

तालिकोटची लढाई म्हणजे दोन धर्मांचा सामना आणि विजयनगरचा एका दिवसातला अंत, असे मी अनेक वर्षे मानत आलो. विजयनगरची भग्न राजधानी हंपी पाहताना दुसरे काही मनात येतही नाही. आज माझे मत तसे राहिलेले नाही. लढाईच्या आधीची वीस वर्षे वाचत गेलो आणि ते बदलले.

गोवळकोंड्याचा इब्राहिम कुतुबशाह तख्तावर बसण्यापूर्वी सात वर्षे विजयनगरच्याच आश्रयाला होता. विजापूरच्या अली आदिलशाहाला विजयनगरचा कारभार पाहणाऱ्या रामरायाने मुलगा मानले होते. दोघांनी मिळून अहमदनगरच्या हुसेन निजामशाहावर स्वारीही केली होती. आज याची बाजू, उद्या त्याची, असा रामरायाचा खेळ. शेवटी त्याला विटलेले शेजारीच एक झाले. ती एकी पक्की झाली सोयरिकीने. हुसेनची मुलगी चांदबिबी अलीला दिली आणि ज्या सोलापूरच्या किल्ल्यासाठी दोन्ही घराणी झुंजत आली होती, तो आंदणात गेला.

जानेवारी १५६५ मध्ये कृष्णाकाठी रामराय पकडला गेला. हुसेनने त्याचे शिर उतरवले. मग राजधानी लुटली, जाळली गेली. त्या विध्वंसाचे दुःख मला आजही तेवढेच आहे, आणि त्यात धर्माचा आवेश मुळीच नव्हता असे मी म्हणणार नाही. पण राज्य त्या दिवशी संपले नाही. रामरायाचा भाऊ तिरुमल खजिना घेऊन पेनुकोंड्याला गेला आणि ते राज्य आक्रसत का होईना, सतराव्या शतकापर्यंत चालले. त्याचेच मांडलिक असलेले तंजावरचे नायक प्रबळ झाले.

जिंकणाऱ्यांची एकी मात्र विजयानंतर टिकली नाही. तीस वर्षांनी मोगल अहमदनगरला भिडले, तेव्हा माहेरचा तो किल्ला लढवला चांदबिबीने. १५९६ मध्ये वऱ्हाड देऊन तिने तो वाचवला. १६०० मध्ये तिच्याच माणसांनी तिला मारले आणि किल्ला पडला. पुढे १६३६ मध्ये निजामशाही, १६८६ मध्ये आदिलशाही, १६८७ मध्ये कुतुबशाही बुडाली.

मोगलांचे बळ मोठे होते, हे खरेच. तरीही दख्खनचा तोल राखणारी सत्ता दख्खनच्याच राज्यांनी मोडली, हे मला आता तालिकोटचे सर्वांत मोठे नुकसान वाटते. त्या दिवशी हरले ते केवळ विजयनगर नव्हे, सारे दख्खन.