शनिवार, रात्री साडेनऊ

पुणे आकाशवाणी केंद्राचे प्रक्षेपण २ ऑक्टोबर १९५३ रोजी सुरू झाले. सवाई गंधर्वांच्या पुण्यतिथीचा संगीतोत्सव याच वर्षापासून भरू लागला. या दोन घटना एका वाक्यात सांगण्याची आपल्याकडे रीत नाही. वास्तविक त्या एकाच सांस्कृतिक भुकेची दोन रूपे होत. उत्सवाला मांडव होता, रसिकांची दाटी होती, रात्र जागविण्याची मोकळीक होती. रेडिओपुढे यांपैकी काहीच नव्हते. तेथे होते ते माजघर, आणि ज्यांना रात्र घराबाहेर काढता येत नव्हती अशी माणसे: अंथरुणाला खिळलेले वृद्ध, परीक्षेला बसलेली मुले आणि मागचे आवरणाऱ्या स्त्रिया. पुण्याच्या अभिरुचीचा विचार करताना मांडवातल्या श्रोत्याचे शब्द हाती लागतात. माजघरातला श्रोता मात्र काहीच लिहून ठेवीत नाही.

पेठांतील वाड्यात एका बिऱ्हाडी रेडिओ असे आणि तो ऐकणारी बिऱ्हाडे चार असत. पोस्टातून काढलेला परवाना एकाच्या नावे. श्रवण मात्र सामायिक. सायंकाळी भाषण लागे. दहा-पंधरा मिनिटांच्या या प्रकाराने मराठी गद्याला एक शिस्त लावली, तिची नोंद निबंधवाङ्मयाच्या इतिहासात फारशी आढळत नाही. व्यासपीठावरचा वक्ता समोरच्या चेहऱ्यांवरून आपले वाक्य लांबवतो, आखडते घेतो. ध्वनिक्षेपकापुढे बसलेल्या वक्त्याला चेहराच नसतो, आणि घड्याळ तर समोर असते. हजारोंना उद्देशून बोलायचे, पण एकाच्या कानाशी बोलल्यासारखे. सभा गाजविण्याची सवय जडलेल्या या गावाला ते जड गेले असल्यास नवल नाही.

श्रुतिकेची अडचण याहून निराळी. रंगमंचावर पात्र आले की प्रेक्षक त्याला पाहतो. येथे ते बोलेपर्यंत अस्तित्वातच येत नाही. गप्प बसलेले पात्र म्हणजे नाहीसे झालेले पात्र. म्हणून दाराची कडी वाजते, पावले जवळ येतात, कोणीतरी नावाने हाक मारते. वाईट श्रुतिकेत या हाका मोजाव्यात इतक्या होतात. चांगल्या श्रुतिकेत बोलण्याच्या लकबीवरूनच माणूस उभा राहतो. व्यंकटेश माडगूळकर १९५५ पासून पुणे केंद्राच्या ग्रामीण कार्यक्रमांत होते, पु. ल. देशपांडे त्याच सुमारास आकाशवाणीच्या सेवेत आले. बोललेल्या मराठीचा इतका सूक्ष्म कान असलेले हे दोघे लेखक ध्वनीच्याच माध्यमात नोकरी करीत होते, ही बाब त्यांच्या चरित्रात एका ओळीत उरकण्याजोगी नव्हे.

शनिवारी रात्री साडेनऊला दिल्लीहून संगीताचा अखिल भारतीय कार्यक्रम येई. त्याचा आरंभ १९५२ च्या जुलैमधला, म्हणजे पुणे केंद्राहून वर्षभर जुना. नभोवाणी मंत्री बाळकृष्ण विश्वनाथ केसकर हे मूळचे पुण्याचे. चित्रपटगीतांवर त्यांनी घातलेल्या निर्बंधांची पुष्कळ चेष्टा झाली. श्रोते रेडिओ सिलोनकडे वळले आणि १९५७ मध्ये विविध भारती सुरू करावी लागली. चेष्टा रास्तच होती. मात्र त्याच धोरणामुळे तासभराचा ख्याल बैठकीचे आमंत्रण नसलेल्या घरात शिरला, हेही खरे. आणखी एक चमत्कारिक गोष्ट अशी, की १९४० पासून नभोवाणीवर हार्मोनियमला मज्जाव होता. ऑर्गन-हार्मोनियमच्या सुरावर वाढलेल्या नाट्यपदांच्या या गावाला रेडिओवर मात्र ख्यालामागे सारंगी ऐकू येई. मांडवातला श्रोता आणि माजघरातला श्रोता एकाच गायकाचे दोन निराळे गाणे ऐकत होते. ही बंदी १९७१ च्या सुमारास सैल झाली.

निवेदक गाण्याआधी रागाचे नाव सांगे. ज्यांना कोणी गंडा बांधला नव्हता, त्यांच्यासाठी हीच शिकवणी. निवेदनाच्या क्षणीच मोरीत भांडे आपटले, तर नाव निसटे. मग त्या स्त्रीजवळ राग उरे तो नावावाचून, ओळखीच्या पण पत्ता न विचारलेल्या माणसासारखा.

या साऱ्यातून उरले काय? ‘गीतरामायण’ उरले. ते सायंकाळचे नव्हे, सकाळचे. १ एप्रिल १९५५ च्या रामनवमीपासून पुढच्या वर्षीच्या रामनवमीपर्यंत पुणे केंद्रावरून त्याची छप्पन्न गीते प्रसारित झाली. ग. दि. माडगूळकरांचे शब्द छापले गेले, सुधीर फडक्यांनी ती गीते पुढे गावोगाव गायिली, म्हणून ती उरली. भाषणे आणि श्रुतिका यांच्या वाट्याला असे पुस्तक क्वचितच आले. ध्वनिफीत महाग होती. जुनी पुसून तिच्यावर नवे मुद्रण करण्याची रीत नभोवाणीच्या व्यवहारात सर्वत्र रूढ होती. एखाद्या श्रुतिकेवरच दुसऱ्या आठवड्याचे भाषण चढले असेल, आणि त्यावर तिसऱ्याचे. अभ्यासकाला त्यासाठी आता ऐंशीच्या घरातल्या श्रोत्यांकडेच जावे लागते. ते संवाद सांगू शकत नाहीत. कडी कशी वाजली, ते मात्र टेबलावर बोट आपटून दाखवतात.