चौदा आणि आठ

१.
बालकवींच्या ‘आनंदी आनंद गडे’च्या मात्रा मोजत बसलो. ओळ चौदा मात्रांची, दोन-दोन ओळींना यमक. मग एकदम तीन ओळी आठ-आठच्या. की पुन्हा चौदा. पोरं शेवटच्या पायऱ्या धडधडत उतरतात, तसं. कवितेचा सगळा आनंद त्या तीन ओळींत आहे. त्या काढल्या तर उरते एक गुणी, पाठ्यपुस्तकी कविता.

२.
बोटांच्या पेरांवर मात्रा मोजत लक्ष्मी रोडने चाललं तरी नारायण पेठेत कोणी बघत नाही. जप चाललाय असं वाटत असावं.

३.
ऊन, चांदणं, झरे, वेली, पाखरं. नक्षत्र डोकावतंय; कोणाला बघतंय? लगेच उत्तर. कवितेत माणसांचा पत्ता नाही. ती येतात थेट शेवटच्या कडव्यात, बाजारात, रडत. तिथे स्वार्थ सोडण्याचा उपदेशही येतो. तेवढाच भाग मला जड जातो. चाल मात्र तशीच दुडकी.

४.
लक्ष्मी रोड, शनिवार संध्याकाळ.
“अहो, आज सम तारीख आहे. गाडी पलीकडे लावा.”

५.
‘उदासीनता’ही बालकवींचीच. ‘औदुंबर’ही: आठ ओळी, पहिल्या निम्म्या हिरव्यागार, आणि पायवाट निघाली डोहाकडे. ५ मे १९१८ ला भादली स्टेशनजवळ रेल्वेखाली गेले. वय २७. स्नेहसंमेलनात ‘आनंदी आनंद गडे’वर नाच बसवताना हे कोणी सांगत नाही. बरंच आहे.

६.
नाचाची तालीम. आठ मात्रा आल्या की मुली आपोआप पळायला लागतात. बाई ओरडतात, “सावकाश!”

७.
माधव जूलियनांनी ‘छंदोरचना’त मराठी वृत्तांचा हिशेब मांडला. त्यांनीच उमर खय्यामच्या रुबाया मराठीत आणल्या. रुबाईत पहिली, दुसरी, चौथी ओळ यमकात. तिसरी सुटी, तिला रजा. खय्यामचं म्हणणं, जगून घ्या, वेळ थोडा आहे. बालकवींच्या कवितेत घड्याळच नाही.

८.
खडकवासल्यातून पाणी सोडलंय. भिडे पूल पाण्याखाली, रस्ता बंद, बघ्यांची ही गर्दी. कोणी व्हिडिओ कॉलवर अमेरिकेतल्या नातवाला नदी दाखवतंय. कणीसवाल्याला उसंत नाही.

शेजारच्या आजी म्हणाल्या, “पानशेतचं धरण फुटलं तेव्हा पाणी आमच्या माडीवर होतं. एकसष्ट साल. बारा जुलै.”

मग कणीसवाल्याकडे वळून, “अरे, लिंबू जरा नीट चोळ की!”