झालेला खर्च आणि व्हायचा खर्च

अपुऱ्या कामांची मोठी गंमत असते. पुरे झालेले काम आपल्याकडे काही मागत नाही, हाती न घेतलेलेही मागत नाही. अर्धवट काम मात्र सावकारासारखे दारात बसून राहते. कुणाच्या ट्रंकेत बाह्या नसलेला स्वेटर असतो, कुणाच्या गच्चीवर न बांधलेल्या मजल्याच्या सळ्या आभाळाकडे पाहत असतात. आमच्या दादाच्या ठाण्याच्या घरामागे, पत्र्याच्या शेडमध्ये, एक फियाट विटांवर उभी आहे.

ही १९६७ सालची डिलाइट. नानांनी नाव नोंदवले आणि काही वर्षे वाट पाहिली, तेव्हा कुठे ती कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून दारी आली. पुढे याच घराण्यातली पद्मिनी काळ्यापिवळ्या रंगात मुंबईभर धावली आणि ऑक्टोबर २०२३ अखेर टॅक्सी म्हणून निवृत्त झाली. ती बातमी वाचून दादा हळवा झाला आणि त्याच दिवाळीत त्याने नानांची गाडी उघडली.

आजवर अडीच लाख गेले. मिस्त्री म्हणतो, आणखी तीन लाख लागतील. एक गृहस्थ आहे तशीच गाडी साठ हजारांना न्यायला तयार आहेत.

"इतके घातल्यावर आता थांबायचे कसे?" दादा म्हणतो.

"म्हणजे बुडालेले काढायला आणखी बुडवायचे!" वहिनी मला म्हणाल्या, "भावोजी, तुम्हीच यांना हिशेब करून दाखवा."

मी वही घेतली आणि पहिल्याच ओळीतले अडीच लाख खोडले. गाडी विकली तरी ते परत येत नाहीत, पुरी केली तरी येत नाहीत. मग त्यांना पंचांत बसवायचे कशाला? उरले तीन लाख. त्यात ते साठ हजार मिळवायचे, कारण गाडी ठेवली तर तेही हातचे जाणार. म्हणजे पुऱ्या गाडीची आजची खरी किंमत तीन लाख साठ हजार.

"आणि काहीच केले नाही तर?" दादाने आशेने विचारले. पण तेही फुकट नाही! गाडीवर नुसते प्रायमर मारले आहे. प्रायमर ओल शोषून घेतो. पावसाळा आला की त्याच्याखाली गंज मुकाट्याने आपले काम करतो. शिवाय या फियाटला वेगळा सांगाडा नाही. तळाचा पत्रा आणि दाराखालच्या पट्ट्या हाच तिचा कणा. तिथला गंज म्हणजे कातडीचे नव्हे, हाडांचे दुखणे.

मग तीन लाखांची फोड केली. पत्रा कापून नवा जोडणे, सत्तर हजार. इंजिन, ब्रेक, वायरिंग मिळून नव्वद. साधा रंग तीस. बाकीचे एक लाख दहा हजार क्रोम, गाद्या, आतले अस्तर आणि अस्सल नक्षीचे दिवे यांचे.

इतका वेळ गप्प बसलेली आई म्हणाली, "मला एकदा तीतून टिटवाळ्याच्या गणपतीला जायचंय. दिवे कसले का असेनात."

आईला आता ८४ वर्षे पूर्ण झाली आहेत. वहीत हा आकडा मी लिहिलाच नव्हता.

दादाच्या मनात 'विंटेज' नोंदणी होती. २०२१ च्या नियमांप्रमाणे पन्नास वर्षांवरच्या गाडीला ती मिळू शकते. पण मग प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल भरणे अशा कामांपुरतीच गाडी रस्त्यावर आणायची. टिटवाळ्याला जायचे तर साधी नोंदणीच बरी!

शेवटी ठरले ते असे. आधी पत्रा, कापल्यावर गंज सत्तर हजारांच्या पलीकडे निघाला, तर तिथेच थांबून गृहस्थांना निरोप धाडायचा. निभावले, तर ब्रेक, इंजिन, वायरिंग आणि साधा रंग. एकूण एक लाख नव्वद हजार, आणि बँकेतल्या ठेवीला हात लावायचा नाही, ही वहिनींची अट. क्रोम पुढे कधीतरी.

दादा थोडा हिरमुसला. त्याला गाडी नानांच्या वेळेसारखी लखलखीत हवी होती. पण मला वाटते, काम पुरे झाले म्हणजे काय, हे ते ज्याच्यासाठी करायचे त्याला विचारावे. क्रोमला वाट पाहता येते. आईला किती पाहता येईल, हे कुठल्या मिस्त्रीला सांगता येणार?