दर्या आणि दऱ्या

माणसाने जुनी वस्तू किती काळ धरून ठेवावी, याविषयी माझे व माझ्या मुलाचे आजवर एकमत झालेले नाही. तो पुण्यास असतो, आणि दर दोन वर्षांनी त्याच्या हातातला फोन नवा झालेला दिसतो. माझ्या छत्रीचे कापड दोनदा व दांडा एकदा बदललेला आहे. तरी ती माझी जुनी छत्रीच आहे, असे मी मानतो. माझ्या टेबलावरील संगणकाविषयीही माझी हीच भावना होती. २००३ सालच्या पाडव्याला तो आमच्या सांगलीच्या घरी आला. त्या दिवशी शेजारची चार माणसे त्याला पाहावयास आली होती आणि आईने त्याच्या कपाळाला, म्हणजे पडद्याच्या वरच्या कडेला, हळदकुंकू लावले होते. हळदीचा पुसट ठिपका तेथे अजून आहे.

त्याच वर्षीच्या पावसाळ्यात मी आईच्या आठवणी उतरवून घेतल्या. तिचे माहेर शिराळा तालुक्याच्या पश्चिमेला, वारणेच्या खोऱ्यात. सायंकाळी शाळेतून आलो की मी तिच्याजवळ वही घेऊन बसे. ती तांदूळ निवडीत निवडीत सांगे आणि मी ती बोलेल तसे भराभर लिहून घेई. रात्री जेवणानंतर वर माडीवर जाऊन तो मजकूर संगणकावर टंकित करी. अशी एकशे बारा पाने झाली. २००६ मध्ये आई गेली. ती पाने कधीतरी पुस्तकरूपाने काढावी असा माझा बेत होता. पण शाळा, परीक्षा, तपासणी यांत तो राहून गेला. नोकरीत असलेल्या माणसाचे सगळेच बेत निवृत्तीनंतरच्या खात्यावर जमा होत असतात.

मी २०१९ च्या मे महिन्यात निवृत्त झालो आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये कृष्णेला महापूर आला. खालच्या खोलीतील लोखंडी पेटीत माझ्या वह्या होत्या. पाणी ओसरल्यावर पेटी उघडली तेव्हा आत कागदाचा एक करडा लगदा होता. त्यात कोणती वही आईची आणि कोणती माझ्या सातवीच्या टिपणांची, हे सांगता आले नसते. संगणक माडीवर होता म्हणून वाचला. तेव्हापासून आईच्या आठवणींची जगातली एकमेव प्रत त्याच्या पोटात होती.

हे मी माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याला सांगितले. तो बाजारपेठेत संगणक दुरुस्तीचे दुकान चालवतो. त्याने यंत्राला कान लावला आणि म्हणाला, "सर, हार्ड डिस्क कुरकुरतेय. हे यंत्र आता म्हातारं झालंय."

"मीही झालो आहे," मी म्हणालो.

"तुमच्यातली पानं मला बाहेर काढायची नाहीत," तो म्हणाला. वर्गात हा मुलगा फारसा बोलत नसे.

दस्तऐवज लिहिण्याची नवी आवृत्ती घालावी, म्हणजे फाइल आजच्या पद्धतीने जतन करता येईल व मुलालाही पाठवता येईल, असे ठरले. येथून माझ्या हालअपेष्टांना आरंभ झाला. नव्या आवृत्तीला किमान ४ गिगाबाइट रॅम हवी; माझ्या संगणकात २५६ मेगाबाइट, म्हणजे सोळावा हिस्सा. मग थोडी जुनी आवृत्ती शोधली. ती म्हणाली, तुमची मूळ प्रणालीच मला चालत नाही. मूळ प्रणाली बदलावी तर तिच्यासाठी रॅम अपुरी. विद्यार्थ्याने कोठूनशा जुन्या रॅमच्या दोन पट्ट्या पैदा केल्या. घराला नवे कौल घालावयास जावे आणि वासा बदलावा लागावा, वासा बदलता बदलता भिंतच नवी बांधावी लागावी, असा तो प्रकार होता. माझ्या फाइली त्याने आधी पेन ड्राइव्हवर काढून घेतल्या, सगळे पुसले आणि सकाळी दहा वाजता नवे घालावयास प्रारंभ केला. पडद्यावर एक हिरवी पट्टी पुढे सरकू लागली. दुपारी एक वाजता ती सत्त्याऐंशी टक्क्यांवर येऊन थबकली. आम्ही जेवून घेतले. ती सत्त्याऐंशीवरच. गणितात सत्त्याऐंशी गुण मिळविणाऱ्या मुलाचे मी आयुष्यभर कौतुक केले. त्या दिवशी मात्र तो आकडा मला पाहवेना. चारच्या चहाच्या वेळी कधीतरी ती पट्टी आपली आपण पूर्ण झाली.

मी आईची फाइल उघडली.

पडद्यावर मराठीचे एक अक्षर नव्हते. रोमन लिपीतील लहानमोठी अक्षरे, त्यांच्यामध्ये कंस, टक्क्याचे चिन्ह, डोक्यावर दोन टिंबे घेतलेली कुठलीशी यूरोपीय अक्षरे, अशी दाटी पहिल्या ओळीपासून एकशे बाराव्या पानापर्यंत पसरली होती. पाने एकशे बाराच होती. परिच्छेदही जेथल्या तेथे होते. आई बोलत होती, आणि मला तिचा एक शब्द कळत नव्हता. माझ्या चेहऱ्याकडे पाहून विद्यार्थी घाईने म्हणाला, "सर, काही गेलेलं नाही. सगळं आहे."

त्याने मला जे समजावून दिले ते मी माझ्या भाषेत सांगतो. संगणकाला अक्षर ठाऊक नसते, त्याला आकडा ठाऊक असतो. रोमन वर्णमालेतील पहिल्या मोठ्या अक्षराचा आकडा ६५. पूर्वी आपल्या लिपीसाठी असे सर्वमान्य आकडे वापरात नसत, तेव्हा फाँट तयार करणाऱ्यांनी एक युक्ती केली. रोमन अक्षरांचेच आकडे घेतले आणि त्यांच्यावर देवनागरीची चित्रे चढवली. आत रोमन अक्षर, वर मराठीचा मुखवटा. कोणत्या आकड्यावर कोणते चित्र बसवावयाचे, हे जो तो आपापल्या मनाने ठरवी. काही अक्षरांचा अर्धा भाग एका आकड्यावर आणि त्याचा उभा दंड दुसऱ्याच आकड्यावर असे. पहिली वेलांटी डोळ्यांना आधी दिसते म्हणून टंकितही आधी होई, मग ती ज्या अक्षराची, ते अक्षर. माझा फाँट ज्या तबकडीवर होता ती पेटीबरोबर बुडाली होती, आणि नवी प्रणाली घालताना संगणकातला फाँटही पुसला गेला. मुखवटा उतरला व आतले रोमन सोंग उघडे पडले.

यावरचा इलाज म्हणजे युनिकोड. त्याची पहिली आवृत्ती १९९१ मध्ये निघाली. त्यात देवनागरीसाठी १२८ जागांचे एक स्वतंत्र घर आहे. तेथे 'क'चा क्रमांक २३२५, आणि तो सांगलीत, पुण्यात व अमेरिकेतही २३२५ च. पहिली वेलांटी तेथे उच्चाराप्रमाणे अक्षराच्या मागून येते. म्हणजे मी २००३ साली टंकन करीत होतो तेव्हा युनिकोडला बारा वर्षे होऊन गेली होती! मला त्याचा पत्ता नव्हता, हा दोष मी कोणावर ढकलू? जुन्या आकड्यांवरून नवे आकडे लावून देणारा एक परिवर्तक असतो. विद्यार्थ्याने तो चालविला, आणि मिनिटभरात आईचा मजकूर मराठीत परत आला. मी उठून त्याच्या पाठीवरून हात फिरवला. त्याने पैसे घेतले नाहीत.

तो गेल्यावर मी पहिले पान वाचावयास घेतले. तिसऱ्याच ओळीत लिहिले होते: 'आमच्या गावाच्या तिन्ही बाजूंना दर्या आहेत.'

माझ्या आईने समुद्र आयुष्यात एकदाच, रत्नागिरीस, पाहिला, आणि त्याच्या आवाजाने रात्रभर झोप लागली नाही अशी तक्रार केली. तिच्या गावाच्या तिन्ही बाजूंना दऱ्या होत्या. परिवर्तकाने 'दऱ्या'तील आडवा, पापणीसारखा र उचलून पुढच्या अक्षराच्या डोक्यावर रफार म्हणून ठेवला होता, आणि सह्याद्रीच्या कुशीतील त्या गावाभोवती तीन समुद्र आणून सोडले होते. पुढे आईच्या लग्नाचे वर्णन होते. त्यात भाताचे पातेले कलंडले ते आचाऱ्याच्या हातून. आता ते आचार्याच्या हातून कलंडले होते. मी एकटाच मोठ्याने हसलो. दर्या आणि दऱ्या, आचार्यास आणि आचाऱ्यास, या जोड्या मी तेहतीस वर्षे फळ्यावर लिहिल्या. अलीकडच्या अक्षरावर आघात येतो तेथे रफार, येत नाही तेथे आडवा र, हा नियम मी किती मुलांकडून घोकून घेतला असेल! आता तो चुकविणाऱ्याला छडी कशी दाखवणार?

सगळीकडे एकदम दुरुस्ती करता येईल का, असे मी फोनवर विचारले. विद्यार्थी म्हणाला, येईल. पण मग 'मर्यादा' आणि 'पर्याय' यांतलेही रफार आडवे होतील. तेव्हा एकेक स्थळ डोळ्यांनी पाहूनच बदलणे प्राप्त होते. नव्या पद्धतीत आडवा र उमटविण्यासाठी खाली टिंब असलेला र घेऊन त्याचा पाय मोडावा लागतो. ते टिंबाचे अक्षर मुळात दक्षिणेकडील भाषांतील एका उच्चारासाठी ठेवलेले आहे; आपली दरी त्याच्या आधाराने उभी राहते, ही मला गंमत वाटली. मी रोज सकाळी आठदहा पाने वाचू लागलो.

इतक्या सावकाश मी ती पाने पूर्वी कधी वाचली नव्हती. वाऱ्या, कुऱ्हाडी, शेजाऱ्यांची भांडणे सरळ करीत मी पुढे जात होतो, आणि तिसऱ्याचौथ्या दिवशी मला अस्वस्थ वाटू लागले. शब्द बरोबर होते, प्रसंग बरोबर होते. पण ऐकू कोणीच येत नव्हते. 'मी सायंकाळी परसात गेले होते.' आई असे कधी बोलली होती? ती 'सांजच्याला' म्हणे. परसाला ती 'परडं' म्हणे. आणि आमच्याकडच्या कित्येक बायांप्रमाणे ती 'मी गेलो, मी आलो' असे म्हणे. 'मी आले' हे तिच्या तोंडी कधी नव्हते. 'लई'चे 'फार' झाले होते. 'कोरड्यास' हा शब्द एकशे बारा पानांत एकदाही नव्हता. सर्वत्र भाजी होती. हे परिवर्तकाने केलेले नव्हते. वहीत मी तिचे शब्द जसेच्या तसे घेतले होते, आणि रात्री माडीवर, मराठीचा एम.ए. म्हणून, प्रत्येक वाक्य शुद्ध करून टंकित केले होते. ते करताना मला एक प्रकारचे समाधान वाटत असे, हेही मला आठवले. परिवर्तकाने बिघडविलेले अक्षर मला सुधारता येत होते, कारण मूळ काय होते ते मला माहीत होते. मी सुधारलेली वाक्ये मात्र मागे नेता येईनात. एखाददुसरा शब्द आठवे. सबंध वाक्य तिने कसे म्हटले होते, ते वहीत होते.

दोनतीन दिवस मी संगणक उघडला नाही. मग राहिलेले काम पुरे करावे म्हणून पुन्हा बसलो. एक्याऐंशीव्या पानावर ११ डिसेंबर १९६७ चा, कोयनेच्या भूकंपाचा प्रसंग होता. आम्ही त्या वेळी आजोळी होतो. मी सहा वर्षांचा होतो. ते पान टंकित केले त्या रात्री वीज जाण्याची वेळ झाली होती, म्हणून वहीतले तसेच उतरवून घेतले, शुद्ध उद्या करू, असे मी ठरवले होते. तो उद्या विसरला गेला होता.

'पाटंचं भुई घुसळाय लागली, ताक घुसळावं तशी. उतरंड खाली आली. म्या तुला घोंगड्यात गुंडाळलं आन् भाईर पळालो. म्हस दावं तोडून आमच्या आदी परड्यात जाऊन हुबी. दिस उगवंस्तोर आत कुणी गेलं न्हाई. आन् तू पोर्या इचारतूयास, आये, भुईला थंडी वाजतीया का?'

नव्या आवृत्तीत शुद्धलेखन तपासण्याची सोय आहे. तिने त्या परिच्छेदातील जवळजवळ प्रत्येक शब्दाखाली तांबडी नागमोडी रेघ ओढली होती. माझ्या तांबड्या पेन्सिलीची रेघ अशीच असे, फक्त सरळ. मी 'पोर्या'वर थांबलो, रफार काढला, टिंबाच्या र चा पाय मोडला. 'पोऱ्या' झाले. त्याच्याखालची रेघ तरीही गेली नाही. बाकी कशाला हात न लावता मी फाइल जतन केली आणि मुलाला पाठवून दिली.