लाल गाळल्यावर

कोलोनोस्कोपीत एनबीआयचं (नॅरो बँड इमेजिंग) बटण दाबलं की दिवा प्रखर होतो, असा नव्या निवासी डॉक्टरांचा समज असतो. खरं तर उजेड कमी होतो. लाल भाग गाळला जातो आणि 415 व 540 नॅनोमीटरच्या आसपासचे निळा-हिरवा असे दोन अरुंद पट्टे आतड्यावर पडतात. हिमोग्लोबिन नेमका हाच उजेड शोषतं. निळा खोल शिरत नाही, म्हणून अस्तरातल्या वरवरच्या केशवाहिन्या तपकिरी उठून दिसतात. पांढऱ्या उजेडात गुलाबी अस्तरात हरवलेला चार मिलिमीटरचा पॉलिप मग आपली नक्षी दाखवू लागतो.

ती वाचायला जपानच्या शिन-एइ कुडो यांनी 1990च्या दशकात शिकवलं. इंडिगो कार्मिन फवारायचं, निळा रंग खाचांत साचतो, त्या खाचांचा आकार भिंगातून बघायचा. एनबीआयवर आम्ही पॉलिप तीन प्रकारांत विभागणारं नाइस वर्गीकरण वापरतो. आजूबाजूच्या अस्तरासारखाच किंवा त्याहून फिका, तो पहिला प्रकार, बहुधा हायपरप्लास्टिक. पांढुरक्या नळ्यांभोवती तपकिरी वाहिन्या दिसल्या की दुसरा, म्हणजे अडिनोमा. वाहिन्या तुटक, विस्कटलेल्या असल्या तर तिसरा, म्हणजे खोल शिरलेल्या कर्करोगाची शंका. तिथे पॉलिप कापायच्या स्नेअरला हात लावायचा नाही, सर्जनना फोन करायचा.

खरा दगा देतो तो उजव्या कोलनमधला चपटा सेसाइल सेरेटेड पॉलिप. पहिल्या प्रकाराच्या वेशात असतो, वर शेंबडासारखी साय. ती धुतल्याशिवाय त्याच्या कडा सापडत नाहीत. आणि पोट नीट साफ नसेल तर एनबीआयचा काही उपयोग नाही: पित्ताळ पाणी त्यात रक्तासारखं लाल दिसतं. ‘एवढं पाणी पिववत नाही हो, डॉक्टर,’ म्हणणाऱ्या आजोबांना मी हे सगळं सांगत बसत नाही. आजींना सांगते, त्या पाजतात.

आता पडद्यावर एआय पॉलिपभोवती चौकट काढतं. छान काढतं, माझी नजर दमते तेव्हाही. पण आतड्याच्या घडीमागचं त्याला दिसत नाही. तिथे स्कोप मलाच वळवावा लागतो, हवा काढत, सावकाश मागे येत.

पाच मिलिमीटरपर्यंतचे पॉलिप नजरेनेच ओळखून, काढून, पॅथॉलॉजीला न पाठवता टाकून द्यावेत, असा एक विचार आहे. पैसे वाचतील, हे खरं. तरी माझ्या फॉर्मॅलिनच्या बाटल्या भरतातच. फॉर्मवर माझा अंदाज आधी लिहून ठेवते. रिपोर्ट आला की शेजारी ताडून बघते.